काटा मधोमध

महाडच्या डॉक्टरांची जुनी गाडी कोणत्या कंपनीची होती, हे आता कुणालाच खात्रीनं सांगता येत नसे. बॉनेटवरचं नाव डॉक्टरांच्या तरुणपणीच कुठल्याशा खड्ड्यात गळून पडलं, आणि तेव्हापासून ती नुसती ‘डॉक्टरांची गाडी’ झाली. तिचं इंजिन किती तापतं, हे मात्र अर्ध्या महाडला ठाऊक होतं. ते जेमतेम तापत असे. तशी साक्ष सरोजबाई देत.

सरोजबाई डॉक्टरांच्या पत्नी. तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलेल्या, त्यामुळे पुराव्याशिवाय बोलण्याची सवय नाही. “आंबेनळी घाट चढताना भल्याभल्या गाड्यांना धाप लागते,” त्या म्हणत. “आमचा काटा बघा. पस्तीस वर्षांत त्यानं मधली रेघ सोडलेली नाही.”

हे वाक्य निघालं की गाडीचे ड्रायव्हर रामजी यांना हटकून कुठलं तरी काम आठवे. कधी काच पुसायची असे, कधी डिकीत काहीतरी शोधायचं असे. कारण तो काटा त्यांनीच चिकटवला होता.

रामजी पोलादपूर तालुक्यातल्या कापड्याचे. वयाच्या तिशीत डॉक्टरांकडे लागले ते डॉक्टर जाईपर्यंत राहिले. आता अडुसष्टाव्या वर्षी ते घरची भातशेती बघत. तरी दर सोमवारी महाडला येऊन गाडी सुरू करीत, दहा मिनिटं फडक्यानं पुसत आणि परत जात. पुसायची सुरुवात नेहमी डॅशबोर्डपासून होई. तो होताच तसा. गाडीच्याच पिस्तारंगाचा एकसंध पत्रा, त्यावर वितभर अंतरात बसवलेली तीन गोल मीटरं: डावीकडे घड्याळ, मधे वेगाचं, उजवीकडे तापमानाचं. सायीच्या रंगाच्या तबकड्या, किंचित तिरके आकडे आणि भाताच्या कुसळासारखे बारीक काटे. खाली हस्तिदंती बटणांची रांग, म्हाताऱ्या माणसाच्या दातांसारखी पिवळी पडलेली, पण एकही न हललेली. दोन हजार एकवीसच्या पुरात गाडीची आसनं बुडाली. पाणी डॅशबोर्डच्या चार बोटं खाली येऊन थांबलं. ‘त्यालाबी बुडवावासा वाटला नसंल,’ असं रामजींनी तेव्हा घरी सांगितलं होतं.

काटा चिकटला तो नव्वद सालच्या मे महिन्यात. बाईंचं माहेर वाईचं, आणि धाकट्या भावाचं लग्न सकाळी अकरा-चाळीसच्या मुहूर्तावर. आंबेनळी चढताना तापमानाचा काटा मध्याच्या पुढे सरकला, की बाई म्हणत, “थांबवा.” गाडी थांबे, निवे, निघे, पुन्हा काटा हले, पुन्हा “थांबवा.” त्या दिवशी असं सात वेळा झालं. मंडपात पोहोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि वऱ्हाडी मठ्ठ्यावर आले होते. बाई भावाच्या गळ्यात पडून रडल्या. परतीच्या वाटेवर डॉक्टर पाचगणीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, आणि पाचगणीनंतर जे बोलले ते न बोलते तर बरं झालं असतं.

गाडी तापली तर किती तापली आणि कुठवर चालेल, हे रामजींना काट्यावाचून कळत होतं. बाईंना मात्र काट्यामुळे भलतंच कळत होतं. दुसऱ्या दिवशी रामजींनी मीटरच्या काचेभोवतीची कडी उचकटली, काटा बरोब्बर मध्यावर आणला आणि पंक्चरच्या सोल्युशनचा एक थेंब त्याच्या मुळाशी सोडला. त्यानंतर बाईंच्या माहेरचं एकही कार्य चुकलं नाही. काट्याचं काम रामजींनी स्वतःच्या अंगावर घेतलं. घाटात कुठे थांबायचं ते तेच ठरवीत आणि “टायर बघतो” म्हणून उतरत. डब्यातून पाणी आणून बाईंच्या नजरेआड बॉनेटखालच्या रेडिएटरमध्ये ओतत. “बाकीचे ड्रायव्हर घाटात देवापुढे थांबतात,” बाई कौतुकानं म्हणत, “आमचे रामजी टायरपुढे थांबतात.”

हे असंच गाडीबरोबर संपलं असतं. पण बाईंच्या नातीनं, श्रियानं, एक अर्ज भरला.

श्रिया पुण्यात वस्तूंच्या रचनेचं शिक्षण घेत होती. डिसेंबरात महाबळेश्वरला जुन्या गाड्यांचा मेळावा होता, तिथे डॉक्टरांची गाडी न्यायची, आणि तिथूनच ती पुण्याच्या एका संग्रहालयाच्या ताब्यात द्यायची, असं घरात ठरलं. म्हणजे आंबेनळीचा हा शेवटचा चढ.

“मी येईन,” बाई म्हणाल्या होत्या. “पुढे, माझ्या जागेवर. रामजी चालवणार असतील तर.”

रामजींनी त्यासाठी नवा शर्ट शिवायला टाकला. आणि मग श्रियानं अर्जातली अट वाचून दाखवली: सर्व मीटर मूळ स्वरूपात आणि चालू असावीत.

“काका, ह्या तबकड्या ज्यानं आखल्या ना, त्याला माणसाच्या डोळ्यांबद्दल आदर होता,” डॅशबोर्डवरून बोट फिरवीत ती म्हणाली. “एका नजरेत कळतं सगळं. उगाच काही ओरडत नाही, लुकलुकत नाही. खरं तेवढं सांगतो आणि गप्प बसतो.”

“व्हय,” रामजी म्हणाले.

“फक्त काटे चालत नाहीत. गुरुवारी अरविंदकडे उघडायला देऊ.”

“तापाचं मीटर नको उघडू गो. त्यात कसला तरी गॅस असतो.”

“असू दे. मी व्हिडिओ काढणार आहे. एक एक मीटर उघडताना. आजीपण येणार आहे बघायला.”

अरविंदचं घड्याळाचं दुकान बाजारपेठेत, वडिलांच्या वेळचंच. माणूस आत बसला की गिऱ्हाईकाला फुटपाथवरच उभं राहावं लागे इतकं. बुधवारी सकाळी त्यानं फळी उघडली तेव्हा रामजी आधीच समोर उभे होते.

“अरविंद, तुला मी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवलीय.”

“दाखवलीत, काका. काय काम आहे ते बोला.”

रामजींनी सांगितलं. अरविंद आधी हसला, मग डोळ्यांवरचं भिंग काढून पुन्हा हसला.

“आज रातच्याला गुपचूप उघडून सोल्युशन खरवडलंस तर?”

“डॅशबोर्डचा पत्रा श्रियानं काढून घरी ठेवलाय. तिनं मीटरांवर चिकटपट्ट्या लावून सह्या केल्यात. ‘उघडण्यापूर्वीची अवस्था’ म्हणे.” मग तो मवाळ झाला. “काका, बाईंना आधीच सांगून टाका ना.”

हेच बुधवारी संध्याकाळी लेकीनंही सांगितलं. सरिता पोलादपूरला शिक्षिका होती आणि मुळात बाईंची विद्यार्थिनी. “बाबा, बाईंना चुकलेलं गणित चालतं,” ती म्हणाली. “खोडून लपवलेलं चालत नाही.” रामजी महाडला फोन लावायला उठले, दोन वेळा नंबर दाबला, आणि दोन्ही वेळा गाडीच्या बॅटरीबद्दल बोलून फोन ठेवला.

गुरुवारी बाई घडीची खुर्ची घेऊन आल्या आणि फुटपाथवर अशा बसल्या, की जणू प्रात्यक्षिकाची परीक्षाच घ्यायची आहे. श्रियानं फोन रोखून धरला. रामजी दुकानाच्या खांबाला टेकून उभे राहिले. खांब असल्याचं त्यांना बरं वाटलं.

अरविंदनं आधी घड्याळ उघडलं. मागच्या झाकणाची आतली बाजू उजेडाकडे धरली आणि म्हणाला, “अण्णांचं अक्षर आहे.”

दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणात सुईच्या टोकानं तारीख आणि काम कोरून ठेवायचं, ही त्याच्या वडिलांची पद्धत. गिऱ्हाइकाला ते कधी दिसत नसे. पुढच्या कारागिराला दिसे.

“वाच ना,” श्रिया म्हणाली.

अरविंदनं भिंग लावलं. “‘नऊ जून चौऱ्याण्णव. सौ. बाईंच्या सांगण्यावरून... रोज चार मिनिटे पुढे जाईल असे केले. डॉक्टरांस न सांगणे.’”

श्रियानं फोन आजीकडे वळवला.

“आजी!”

“त्यात काय झालं?” बाईंनी पदर सारखा केला. “तुझे आजोबा कुठेही वेळेवर निघत नसत. हातानं काटा पुढे केला तर त्यांच्या लक्षात येई. म्हणून घड्याळालाच घाई लावून दिली.”

“आणि डॉक्टर दर रविवारी ते मागं करत बसायचे,” रामजींच्या तोंडून निघून गेलं. “म्हणायचे, ह्याला घाटातली हवा मानवत नाय.”

बाई खळखळून हसल्या. रामजींचा जीव थोडा भांड्यात पडला. पण मीटर तीन होती.

वेगाचं मीटर उघडलं. झाकणात पुन्हा अण्णा होतेच. “‘दोन नोव्हेंबर ब्याण्णव,’” अरविंद वाचू लागला आणि त्याचा आवाज हसण्यानं कापू लागला. “‘डॉक्टरांच्या सांगण्यावरून काटा पंधरा कमी दाखवेल असा बसवला. बाईंस न सांगणे.’”

“पंधरा?” बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. “म्हणजे मी चाळीसच्या वर नको म्हणत होते तेव्हा...”

“पंचावन्न,” श्रियानं गणित सोडवलं.

ह्यावर सर्वांत जास्त दुखावले गेले ते रामजी. बाई गाडीत असताना आपण चाळीसच्या पुढे गेलो नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा अभिमान. कापड्यात नव्या पोरांना गाडी शिकवताना त्यांनी त्यावर व्याख्यानं दिली होती. “आरं देवा,” एरवी देवाचं नाव न घेणारे रामजी म्हणाले. “चाळीसला एष्टी मागं पडायची, तवाच समजायला पायजे होतं.”

आता बाई इतक्या हसत होत्या, की डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला. “काय माणूस होता!” त्या म्हणाल्या. “तीस वर्षं मागे बसून घड्याळाकडे बघत होता आणि मी वेगाकडे. एक तरी मीटर खरं होतं म्हणून पोहोचलो बरं, जिवंत. उघड रे अरविंद, आमचं खरं मीटर उघड.”

अरविंदनं रामजींकडे पाहिलं. रामजींनी रस्त्याकडे पाहिलं. कडी निघाली, काच निघाली.

या झाकणात अण्णांचं अक्षर नव्हतं. काट्याच्या मुळाशी तपकिरी रबराचा एक वाळलेला गोळा होता, आणि त्यावर अंगठ्याचा ठसा स्वच्छ उमटलेला होता. सरकारी कागदावरही इतका चांगला उमटत नाही.

“हे कुणी केलं?” श्रियानं फोन जवळ नेला.

“मी,” रामजी म्हणाले. खांब सोडून ते बाईंसमोर आले. “वाईच्या लग्नानंतर. तुमची घाटात उगा घाबरगुंडी होऊ नये म्हणून. पंक्चरचं सोल्युशन हाय.”

बाईंनी चष्मा लावला. ठशाकडे पाहिलं, मग मधल्या रेघेवर मुकाट बसलेल्या काट्याकडे. हसू कुठे गेलं ते कळलं नाही.

“म्हणजे पस्तीस वर्षं मी एका चित्राकडे बघत होते,” त्या हळू म्हणाल्या. “घरातली माणसं फसवतात, त्याचं काही नाही. ती फसवणारच. पण घाटात मी डोळे मिटून बसायची ते तुमच्या भरवशावर, रामजी.” खुर्चीची घडी त्यांनी स्वतःच घातली. “चल, श्रिया.”

शुक्रवार गेला. शनिवारी श्रियाचा फोन आला. मीटरं दुरुस्त होऊन बसली होती, काटे फुलपाखरासारखे हलत होते. “गाडी तुम्हीच चालवायची, काका. आजी त्यावर काही बोलली नाही.” मग जरा थांबून, “ती मागून येणार आहे. श्रेयसदादाच्या नव्या गाडीतून.”

रामजींनी नवा शर्ट पेटीत ठेवला आणि जुना इस्त्रीला दिला.

रविवारी सकाळी महाडहून दोन्ही गाड्या निघाल्या. रामजींच्या शेजारी श्रिया बसली होती. तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता, पण रामजींचं लक्ष आरशात होतं. मागच्या पांढऱ्या गाडीच्या काचेआड बाईंचा चष्मा तेवढा चमकत होता. पोलादपूर मागे पडलं. घाट लागण्याआधी कापड्याला घरापाशी थांबायचं, गाडीत पाणी भरायचं, ही रामजींची जुनी रीत. आजही ते थांबले. नव्या गाडीला पाण्याची गरज नव्हती, पण बाईंना उतरायची घाई झालेली दिसली.

“ही गाडी सारखी माझी चूक काढते,” दार लावत त्या म्हणाल्या. “पट्टा लावा, दार लावा, पर्स सीटवर ठेवली तर पर्सलाही पट्टा लावा. समोर टीव्हीएवढा पडदा, आणि त्यात एक बाई. शाळेत असताना मीसुद्धा मुलांना इतकं बोलले नाही.”

“आजी, ती तुझ्याच भल्यासाठी बोलते,” श्रेयस म्हणाला.

“भल्यासाठी बोलणाऱ्यांचं सगळं मी गुरुवारी ऐकलं आहे,” बाई म्हणाल्या. आणि हे वाक्य रामजींच्या दिशेनं आलं होतं.

रामजींची बायको मंजुळा पाण्याचा तांब्या घेऊन आली. रामजींनी पिंपातलं पाणी रेडिएटरमध्ये भरलं, झाकण घट्ट केलं, आणि नेहमीच्या सवयीनं पायातल्या चपला काढून उंबऱ्याशी ठेवल्या.

बाईंनी ते पाहिलं. ही गोष्ट त्यांना चांगली परिचयाची होती. घाट चढण्याआधी रामजी इथे चपला काढून ठेवतात आणि उतरल्यावर घालतात, हे त्यांनी शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत कितीदा तरी सांगितलं होतं. रामजी बौद्ध आहेत, देव मानत नाहीत, घाटातल्या देवळापुढे थांबत नाहीत, तरी डोंगराला पाय लावायचा तर अनवाणी. निसर्गाबद्दलचा आदर म्हणतात तो हा, असं त्यांचं विवेचन असे. असल्या गोष्टीबद्दल एखाद्याला विचारणं बरं नव्हे, म्हणून त्यांनी रामजींना कधी विचारलं नव्हतं. आणि त्यांनी विचारलं नाही म्हणून रामजींनी कधी सांगितलं नव्हतं.

“मंजुळाबाई,” त्या म्हणाल्या, “यांची ही श्रद्धा मात्र खरी, नाही का?”

“कसली सरदा?” मंजुळेनं कपाळाला हात लावला. “आवो बाई, तो अंगठ्याचा खेळ हाय. त्यांच्या डाव्या पायाजवळ पत्रा हाय ना, इंजिन तापलं की तो तापतो. चपलीत कसं कळंल? घाट उतरून आले की ह्यांचा अंगठा टम्म फुगलेला. किती वर्सं मी खोबरेल लावलंय. आजूनबी झोपंत चटका बसल्यागत हलवतात!”

“तू गप गो,” रामजी म्हणाले.

“का गप? तुमच्या अंगठ्यावर केस नाय, नख वाकडं. दाखवा की बाईंना!”

“दाखवा,” बाई म्हणाल्या.

त्या आवाजापुढे महाडातली दोन पिढ्यांची मुलं उभी राहिली होती, रामजीही राहिले. बाईंनी चष्मा सावरून वाकून पाहिलं. अंगठ्याच्या आतल्या बाजूला जुन्या नाण्याएवढा गुळगुळीत, पांढुरका डाग होता.

श्रिया काहीतरी बोलणार होती. बाईंनी हात वर केला.

“आणि मी शिक्षकांना निसर्गाबद्दलचा आदर सांगत होते,” त्या म्हणाल्या. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. “आधी का नाही बोललात?”

“सांगायचं कसं, बाई? अंगठा सांगितला की काटा सांगायला लागला असता.”

“मी घड्याळ फसवलं, डॉक्टरांनी वेग फसवला, तुम्ही ताप फसवलात,” बाई म्हणाल्या. “पण भाजलं एकट्या तुम्हालाच.” मग त्या सरळ झाल्या. “श्रिया, तू मागे बस. नाहीतर दादाच्या गाडीत त्या बाईचं ऐकत बस. ही जागा माझी आहे.”

श्रिया मागे बसली. घाट सुरू झाला. दरीतून धुकं वर येत होतं, सायीच्या तबकड्यांवर सकाळचा उजेड पडला होता, आणि पस्तीस वर्षांनी मोकळा झालेला काटा शाळा सुटलेल्या पोरासारखा उधळायला लागला होता. चौथ्या वळणावर त्यानं मधली रेघ ओलांडली. सहाव्या वळणावर तो बराच पुढे गेला.

“काका, काटा!” मागून श्रिया ओरडली.

बाईंचा हात दाराच्या मुठीवर आवळला गेला. जुना शब्द त्यांच्या ओठांवर आलेला रामजींना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला. पण बाई डॅशबोर्डकडे बघत नव्हत्या. त्या खाली, क्लचशेजारच्या अनवाणी पायाकडे बघत होत्या.

“रामजी, अंगठा काय म्हणतो?”

“अजून दोन वळणं जाईल म्हणतो, बाई.”

“मग चला.”

एक वळण गेलं. दुसरं गेलं. बाईंनी डोळे मिटून घेतले होते. पुढे कड्याच्या सावलीत रस्ता जरा रुंद झाला, तिथे रामजींनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, आणि तोंडाला बसलेल्या सवयीनं म्हणाले, “टायर बघतो.”

“बघा,” बाई डोळे न उघडता म्हणाल्या. “आणि टायरला तांब्याभर पाणीही पाजा.”